प्रदर्शनात पहिला आलेला खिल्लार खोंड पैदाशीला घ्यावा का? वळू पारखताना तुम्ही काय बघता?

माणकाठचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. आटपाडी भागात आमच्या वस्तीवर चार घरांत मिळून अकरा खिल्लार गायी आहेत. चौघांनी मिळून एक वळू घ्यायचं चाललंय. यात्रेतल्या प्रदर्शनात उभे करता येतील असे खोंड आणि कालवडी आपल्याच दावणीत तयार व्हाव्यात, हा उद्देश.

एक खोंड बघून ठेवलाय. चार दाती (चार पक्के दात आलेला), अंगानं पांढरा, मान आणि वशिंडावर काजळी उतरलेली. शिंगं मुळाशी जवळजवळ, मागं जाऊन वर वळलेली, दोन्ही सारखी. आदत (दुधाच्या दातांचा) असताना एका यात्रेत पहिला आला, दोन दातीत दुसरीकडं पुन्हा पहिला. मालक किंमत लाखांत सांगतो.

आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, जजनं पारखलाय, आता आपण वेगळं काय पारखणार? मला ते पटत नाही. रिंगणात जज जनावर बघतो थोडा वेळ, आणि बघतो ते फक्त त्याचं स्वतःचं अंग. आम्हाला त्याच्याकडून पाच-सहा वर्षं वासरं घ्यायचीत. तर ज्यांनी वळू पाळलेत, गायी भरवल्यात, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खोंडवेडा
फोटो टाका. समोरून नको, बाजूनं आणि मागून. आणि सपाट जमिनीवर उभा करून. पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून काढलेल्या फोटोत सगळेच हिंदकेसरी दिसतात.

जुळीक
खोंड बघायला गेलात, आता परत जा आणि त्याची आई बघा. चाळीस वर्षं दावण सांभाळतोय, त्यावरून सांगतो. खोंडाला खाऊ घालून, धुऊन, शिंगं घासून पुसून उभा करता येतो. म्हातारी गाय नटवता येत नाही.

आईचं काय बघायचं? किती वेतं झाली. दोन वेतांत अंतर किती. खिल्लार गाय दुधाला कमीच असते, पण वासराला पोटभर पाजून लिटर-दोन लिटर घरात येतंय का. सड चारही चालू आहेत का. सातव्या-आठव्या वेतालासुद्धा पाठ सरळ आणि खूर घट्ट असतील तर त्या घरातलं खोंड डोळे झाकून नाही, पण निम्मी काळजी सोडून घ्यावं. मालक म्हणाला की आई विकली, किंवा आई कुठली माहीत नाही, बाजारातून आदत घेतलं होतं, तर पैदाशीला तो खोंड नको. प्रदर्शनाला घ्या, शर्यतीला घ्या, तुमची मर्जी.

आईनंतर भावंडं. त्याच गायीची आधीची वासरं कुठं गेली ते विचारा आणि जाऊन बघा. एका गायीला एकच देखणं वासरू झालं असेल तर ते नशीब. तीन झाली असतील तर ते रक्त.

गुरांचा_डॉक्टर
जुळीक अण्णांशी सहमत. त्यांचा पहिला भाग झाला, मी दुसरा लिहितो, कारण हा भाग बहुतेक जण वगळतात.

देखणा खोंड गाय गाभण ठेवेलच असं नाही. विकत घेण्याआधी या गोष्टी करून घ्या:

वृषण हातानं तपासा. दोन्ही सारखे, घट्ट, पिशवीत मोकळे हलणारे हवेत. एक वर चढलेला किंवा खूपच लहान असेल तर तिथंच थांबा, तो दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो. टेपनं घेर मोजा. अमेरिकेत दोन वर्षांवरच्या वळूला किमान ३४ सेंटिमीटर घेर धरतात. आपल्या देशी जाती उशिरा वयात येतात आणि त्यांचा घेर कमी भरतो, त्यामुळं तो आकडा इथं जसाच्या तसा लावू नका. आपल्याच भागातल्या त्याच वयाच्या दोन-तीन खोंडांशी ताडून बघा. हा घेर बऱ्यापैकी वंशातून उतरतो आणि चांगल्या घेराच्या वळूच्या कालवडी माजावर लवकर येतात असं अनेक जातींत आढळलंय. म्हणजे मोजमाप त्याचं असलं तरी फायदा त्याच्या मुलींच्या बाबतीत होतो.

वीर्य तपासून घ्या. शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात. खोंडाला मध्यंतरी जोराचा ताप आला असेल, लम्पी होऊन गेला असेल, तर आजचा वाईट रिपोर्ट कायमचा समजू नका. साठ-सत्तर दिवसांनी पुन्हा तपासा.

रक्ताची तपासणी, गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेल्ला रोगासाठी. क्षयाची चाचणीही. ज्या खोंडाला आधीच बाहेरच्या गायींवर सोडलंय त्याच्या लिंगावरच्या कातडी पिशवीतली धुवण ट्रायकोमोनास आणि व्हिब्रियोसाठी तपासली तर उत्तम. हे रोग वळूमध्ये दिसत नाहीत. तो ठणठणीत असतो, गायी मात्र वारंवार उलटतात (गाभण न राहता पुन्हा माजावर येतात) किंवा गाभडतात. ब्रुसेल्ला माणसालाही होतो, वार हातानं काढणाऱ्याला आधी.

काजळीवाला
डॉक्टरांचं बरोबर आहे पण आमच्याकडं खोंड बघताना पहिली नजर भोवऱ्यांवर जाते. कपाळावर एकच भोवरा, तोही मधोमध. पाठीवर चुकीच्या जागी भोवरा असेल तर कितीही चांगला खोंड असू दे, गिऱ्हाईक हात लावत नाही. प्रदर्शनासाठी पैदास करताय तर विकायचीही वेळ येणार. तेव्हा खुणा बघाव्याच लागतात.

रंगाचं म्हणाल तर काजळी घ्या. कोसा रंगाच्या खोंडाला सध्या मागणी असली तरी रिंगणात काजळी उठून दिसतो.

कोसा_खिल्लार
रिंगणात काय उठून दिसतं ते जजवर अवलंबून. आमच्या कोशानं काजळीला मागं टाकलंय, आणि तेही जजनं पाय आणि चाल बघून. रंगावर वळू निवडायला लागलो तर पायाकडं कोण बघणार?

गुरांचा_डॉक्टर
भोवऱ्याचा आणि घराच्या बरकतीचा संबंध मला कुठं दिसलेला नाही. चांगल्या आईचे, निरोगी खोंड फक्त पाठीवरच्या केसांमुळं खच्ची झालेले बघितलेत. जात टिकवायची तर हे परवडणारं नाही.

नेब्रास्काचा_पाटील
मूळचा सांगोल्याकडचा, सध्या अमेरिकेत गुरांच्या क्षेत्रातच काम करतो. डॉक्टरसाहेब, भोवऱ्याबाबत एक भर घालतो. गुरांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गुरांच्या कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता ती शिकंज्यात (जनावर जखडायच्या चौकटीत) अडकवल्यावर जास्त बिथरत होती. शुभ-अशुभ सोडून द्या, पण कपाळाचा भोवरा आणि स्वभाव यांचं काही नातं आहे असं त्यावरून दिसतं. जुन्या माणसांनी कपाळ बघणं अगदीच निराधार नव्हतं. पाठीच्या भोवऱ्याबद्दल मात्र मी डॉक्टरांच्या बाजूनं.

आता मूळ प्रश्नाला धरून. इकडं प्रदर्शनाच्या गुरांची पैदास हा मोठा धंदा आहे. ती मांसासाठीची गुरं, बहुतेक खच्ची केलेले खोंड, शाळकरी मुलं गावोगावच्या जत्रेत रिंगणात धरतात. उद्देश आपल्यापेक्षा पूर्ण वेगळा, पण वळू निवडताना झालेल्या चुका आपल्याला उपयोगी पडतील.

शॉर्टहॉर्न आणि मेन-आंजू या जातींच्या रक्तात टीएच आणि पीएचए नावाचे दोन जनुकीय दोष सापडले. दोष एकाच बाजूनं आलेलं जनावर वरून निरोगी दिसतं. आणि ज्या हाडपेरासाठी, दाट केसांसाठी जज नंबर देत होते, तसली जनावरं पुष्कळदा या दोषांचे वाहक निघाली. रिंगणात जिंकले म्हणून तेच वळू सगळ्यांनी वापरले. मग वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आली की चारातलं एक वासरू मागच्या पायांची नडगी नसलेलं किंवा पाण्यानं फुगलेलं जन्मणार. पीएचएच्या वासरापायी गायसुद्धा दगावते. अँगस जातीत २००८ साली असाच प्रकार झाला, वाकड्या मणक्याची मेलेली वासरं. माग काढला तर तो एका अतिशय गाजलेल्या वळूपर्यंत गेला.

आता तिथं रक्ताची किंवा केसांची चाचणी करून वळू वाहक आहे का ते कळतं. खिल्लारसाठी अशी सोय गावात नाही. म्हणून एकच मार्ग उरतो: त्या वळूची आणि त्याच्या बापाची मेलेली, व्यंग असलेली वासरं झाली होती का हे चार गोठ्यांत विचारायचं. मालक सांगणार नाही. ज्यांच्या गायी भरवल्या ते सांगतील.

शिवारातली
पाटीलदादांनी शेवटी लिहिलेलं फार महत्त्वाचं. आमच्या वाडीत गोठ्याचं काम बायकाच बघतात, पण वळू आणायला पुरुष जातात, आणि स्वभाव कुणी विचारत नाही. खिल्लार मुळात तापट. धन्याला ओळखतं, दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. पण तापट आणि मारकं यात फरक आहे. मारक्या वळूच्या कालवडी धार काढताना लाथा झाडतात, वासराला हात लावू देत नाहीत. त्या प्रदर्शनात तरी कशा उभ्या राहणार?

मी काय करते ते सांगते. वळूच्या मालकाकडं जाण्याआधी त्याची वासरं ज्यांच्याकडं आहेत त्यांच्या गोठ्यात जाते. सकाळी, वैरण टाकायच्या वेळेला. वासराला दाव्यातून सोडायला सांगते आणि कडक, झाडून घेतलेल्या जमिनीवर चालवायला लावते. पुढच्या पायाचा खूर जिथं उमटला त्याच ठशावर किंवा जरा पुढं मागचा खूर पडला पाहिजे. मागं पडत असेल तर पाऊल तोकडं. मग मागून बघते, कोपरं आत वळून एकमेकांना घासतात का. खूर काळे, दोन नख्यांतली फट कमी. पांढरट, पसरट खूर आमच्या माळावरच्या दगडात टिकत नाही. एकाच वळूची तीन वेगळ्या गायींपासून झालेली वासरं, तिन्हींचे पाय सारखेच वाकडे असतील तर ते गायींचं नाही, वळूचंच.

जुळीक
ताईंनी लिहिलं ते पाठ करून ठेवा सगळ्यांनी.

पळीचा_बैल
सगळे प्रदर्शनाचंच धरून बसलेत. खिल्लारची किंमत पळावर ठरते. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा खोंडाला कुणी विचारत नव्हतं. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा कायम केला, आणि आज आदतसाठी रांगा लागतात. ज्याचा बाप पळालाय तोच वळू लावा. प्रदर्शनाच्या खोंडाला नुसतं अंग असतं.

कोसा_खिल्लार
पळणारा बाप म्हणजे पळणारं वासरू, हे इतकं सोपं असतं तर प्रत्येक मैदानात एकाच वळूची वासरं पहिली आली असती. सराव, खुराक, जोडीचा बैल, हाकणारा, सगळं त्यात येतं. शिवाय शर्यतीच्या नादात अंगानं हलकी, उंच, अरुंद छातीची जनावरं वाढत चाललीत. ओढकामाचा खिल्लार वेगळा होता. छाती रुंद, पाठ लांब पण लवलेली नाही. तो हरवला तर प्रदर्शनात काय दाखवणार?

पळीचा_बैल
छातीचं मान्य. दम छातीतच असतो, ते आम्हीही बघतो.

मळ्यातला_अभियंता
मला एक कळत नाही, वळू विकत कशाला घ्यायचा? सरकारी रेतकेंद्राची खिल्लारच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी मिळते. पाव मिलिलिटरच्या कांडीत दोन कोटी शुक्राणू, वळू रोगांसाठी तपासलेला, खर्च नगण्य. वळू पाळायचा म्हणजे खुराक, जागा, दोन माणसं.

गुरांचा_डॉक्टर
रोगाच्या दृष्टीनं कांडी कधीही सुरक्षित. अडचण दोन. खिल्लारचा माज थोडा वेळ टिकतो आणि मुका असतो, रात्रीत येऊन जातो. वेळ चुकली की कांडी वाया. दुसरं, प्रदर्शनवाल्यांना वळू डोळ्यांनी बघायचा असतो. पण कांडी घेताना वळूचा क्रमांक आणि त्याच्या आईची माहिती मागा. ती मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि मागणारे फार कमी.

काजळीवाला
पाटीलदादा, अमेरिकेतल्या ब्राह्मण जातीच्या गुरांत आपल्याकडचं रक्त आहे म्हणतात, खरं का?

नेब्रास्काचा_पाटील
खरं. अमेरिकन ब्राह्मण ही कांकरेज, ओंगोल, गीर आणि आपल्या कृष्णाकाठच्या कृष्णा व्हॅली या जातींच्या रक्तातून घडवली. ब्राझीलमध्ये ओंगोलचंच नेलोर झालं आणि तिथल्या मांसव्यवसायाचा कणा बनलं. त्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या प्रत्येक वळूच्या नोंदी ठेवल्या. कृष्णा व्हॅली मात्र सांगली-बेळगावकडं आज शोधावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

दावणीची_वही
नोंदीचा विषय निघालाच तर. आमच्या गावात एकच गाजलेला वळू नऊ-दहा वर्षं होता. आधी गायी त्याला लावल्या, मग त्याच्याच कालवडी त्यालाच लावल्या. बाप-लेकीच्या वासरात रक्ताची जवळीक पंचवीस टक्के धरतात. सावत्र भाऊ-बहिणीच्या वासरात साडेबारा. पहिल्या पिढीत एखादं वासरू अतिशय देखणं निघतं, सगळे हुरळतात. नंतर गायी उलटायला लागतात, वासरं बारीक, मरतुकडी. गावानं देवाला कौल लावला, वळूला कुणी दोष दिला नाही.

गायीच्या कानातला बारा अंकी बिल्ला आहेच. एक साधी वही करा: गायीचा बिल्ला क्रमांक, माजाची तारीख, वळू, व्यायल्याची तारीख, वासरू नर की मादी, काही व्यंग. मूळ लेखकांनी आधी हे तपासावं की हा खोंड त्यांच्या अकरा गायींपैकी कुणाचा सावत्र भाऊ तर नाही. खरसुंडीच्या यात्रेतून घेतलेल्या गायी आणि त्याच भागातला खोंड, शक्यता कमी नाही.

वैरण_पेंड
प्रदर्शनाच्या खोंडाबद्दल एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. त्याला खायला काय घालतात ते विचारा. दूध, अंडी, भरडा, शेंगपेंड घालून चकचकीत केलेल्या खोंडाच्या वृषणाच्या वरच्या मानेत चरबी साठते. वृषण शरीरापेक्षा थंड राहावे लागतात, चरबीनं ते तापतात आणि वीर्य बिघडतं. जास्त धान्यानं खूरही दुखावतात, मग वळू मागच्या पायांवर भार घ्यायला तयार होत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी असा एक नंबरातला खोंड आणला होता. दिसायला राजा, पण गायीवर चढायचाच नाही. विकणाऱ्यानं नंतर फोन उचलला नाही.

आणलात तर खुराक एकदम तोडू नका. दोन महिन्यांत हळूहळू कडबा, हिरवा चारा, थोडी पेंड यावर आणा. रोज चालवा.

खोंडवेडा
आणि विकत घेण्याआधी एकदा गायीवर चढताना डोळ्यांनी बघा. लिंग सरळ बाहेर येतं का, पोटाखालची पिशवी लोंबती आहे का. खिल्लारची पिशवी अंगालगत हवी, लोंबती असली की काट्याकुट्यात फाटते.

माणकाठचा_शेतकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. या धाग्यावरून आम्ही चौघांनी बसून बोललो आणि अर्धं काम केलं, ते सांगतो.

खोंडाची आई मालकाच्याच घरी आहे. पाच वेतं झाली. कास लहान पण चारही सड चालू, खूर उत्तम. शिवारातली ताईंनी सांगितल्याप्रमाणं गोठे फिरलो. अडचण अशी की खोंड चार दातीच असल्यानं त्याची वासरं अजून दुधावरची, आणि तीही दोनच. दोन्हींच्या चालीत दोष दिसला नाही, पण एवढ्यावर काय ठरवणार?

याच खोंडाचा बाप मात्र शेजारच्या गावात आहे. जुळलेला (सगळे पक्के दात आलेला), वय झालेलं, प्रदर्शनात कधी गेलेला नाही. त्याच्या कालवडी व्यायलेल्या बघायला मिळाल्या. आता आमच्यात वाद असा: बापालाच गायी लावाव्यात की मुलाला विकत घ्यावं?

जुळीक
बापाला लावा. ज्याच्या लेकी व्यायल्या, ज्याचं एक खोंड रिंगणात पहिलं आलं, त्याची पारख झालेली आहे. खोंडाची व्हायचीय. आज भरवलेल्या गायीचं वासरू साडेनऊ महिन्यांनी येणार, ते दोन दाती व्हायला पुढं अडीच वर्षं. कोवळ्या वळूवर अकरा गायी लावून तीन-साडेतीन वर्षं वाट बघण्यापेक्षा हे बरं.

गुरांचा_डॉक्टर
सहमत, एका अटीवर. म्हातारा वळू गावोगावच्या गायींवर गेलेला असणार, म्हणून रोगाची तपासणी त्याची आधी आणि काटेकोर. वीर्यही तपासा, वय झाल्यावर ते उतरतं. ब्रुसेल्लाचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय एकही गाय नेऊ नका. आणि घरच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेल्लाची लस राहिली असेल तर ती आत्ताच टोचून घ्या.

शिवारातली
अकराही गायी एकालाच नकोत. आठ बापाला लावा, तीन मुलाला, मालकाला भरवण्याचे पैसे देऊन. म्हणजे खोंड विकत न घेता त्याचीही वासरं तुमच्याच गोठ्यात बघायला मिळतील. पहिलारू कालवडी मुलाला लावू नका, त्याचा खांदा रुंद असेल तर पहिल्या वेताला अडेल.

दावणीची_वही
आणि बापाच्या आठ गायींतून होणाऱ्या कालवडी पुढं मुलाकडं न्यायच्या नाहीत, त्या त्याच्या सावत्र बहिणी. तेव्हा त्यांच्यासाठी तिसरं रक्त आत्तापासून शोधा. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात नाही, एखाद्या घरच्या दावणीत.

माणकाठचा_शेतकरी
पटलं. म्हाताऱ्या वळूच्या मालकाशी बोललो, रक्त काढू द्यायला तयार आहे. खोंडाचा मालक विकायचंच म्हणत होता, पण तीन गायी भरवायला हरकत नाही म्हणाला. पहिलारू दोन आहेत, त्या बापाकडं जातील. रिपोर्ट आले की इथंच टाकतो. पुसेगाव किंवा म्हसवडकडं कुणाच्या घरी वेगळ्या रक्ताचा, आई घरात असलेला सहा दाती वळू असेल तर कळवा, चौघेही बघायला येऊ.

कोसा_खिल्लार
म्हसवडकडं आमच्या पाहुण्यांकडं आहे. कोसा आहे, चालेल ना? आई सात वेतांची, गोठ्यातच आहे.

माणकाठचा_शेतकरी
चालेल. आधी आईचा फोटो पाठवा.